अठरा गुंठे आणि पाच ओळींचा कागद: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
यांस

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमचा अर्ज परत आला. सतरा जणांच्या सह्या, चार प्रतिज्ञापत्रं, दोन सातबारे, दोन गटनकाशे, आधारकार्डांच्या झेरॉक्स असा जाडजूड गठ्ठा आणि त्यावर एका ओळीचा शेरा: ‘क्षेत्रावर बांधकाम असल्याने सलोखा योजनेस पात्र नाही.’ (सलोखा म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांच्या ताब्यात असलेल्या शेतजमिनींची अदलाबदल नाममात्र शुल्कात नोंदवून देणारी सरकारी योजना.) शेरा कुठल्या कार्यालयातून आला ते लिहीत नाही, कारण ज्यांनी तो मारला त्यांनी नियम वाचूनच मारला. माझी तक्रार नियमाबद्दल आहे आणि नियम तुमच्या खात्याचा आहे. पत्र उघड लिहितेय, कारण इकडे दिघा-ऐरोलीपासून तिकडे मुरबाड-शहापूरपर्यंत शेताच्या अदलाबदलीचा असा एखादा जुना कागद पत्र्याच्या पेटीत घालून बसलेली घरं गल्लोगल्ली आहेत. बरीचशी गप्प आहेत, कारण कागद बाहेर काढला तर हसं होईल अशी भीती आहे. आमच्यावर एका टेबलावर हसून झालंय, त्यामुळे मला आता ती भीती उरलेली नाही.

आधी शेताचं सांगते. शीळफाट्यावरून आत वळलं की ठाणे तालुक्यातली ती चौदा गावं लागतात, त्यातलं एक आमचं. ही गावं १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिकेत होती, २००७ मध्ये बाहेर आली, २०२४ मध्ये पुन्हा आत घ्यायचं ठरलं. गावाचा पत्ता इतक्यांदा फिरला, शेतं मात्र होती तिथेच आहेत. माझ्या आज्याच्या नावावर खालचं खाचर, २२ गुंठे. आज्याच्या चुलतभावाच्या, म्हणजे आमच्या थोरल्या आज्याच्या नावावर वरचं खाचर, १८ गुंठे. पंचाईत अशी की आमचं घर वरच्या खाचराला लागून आणि त्यांचं खालच्या. त्याच्याही आधीच्या पिढीने वाटणी केली तेव्हा पाणी बघितलं, घरं बघितली नाहीत. त्यामुळे आवणीच्या दिवसांत आमची माणसं रोपांच्या मुठी घेऊन त्यांच्या बांधावरून खाली जायची आणि त्यांची आमच्या अंगणातून वर यायची. कोणाचा तरी बांध तुटायचा, कोणाच्या तरी खाचरातलं पाणी उतरायचं, मग आठ दिवस बोलणं बंद.

१९७४ च्या आषाढात असाच एक बांध गेला आणि माझी आजी थोरल्या आज्याच्या दारात जाऊन उभी राहिली. ती काय बोलली ते घरात अजून सांगतात; मंत्र्यांना लिहायच्या पत्रात घालण्यासारखं नाही. संध्याकाळी गावदेवीच्या देवळापुढे चार माणसं बसली आणि ठरलं की खालचं तुम्ही घ्या, वरचं आम्हाला द्या. थोरल्या आज्याकडे चार गुंठे जास्त जात होते, म्हणून त्यांनी दाव्याचा एक पाडा सोडून आमच्या गोठ्यात आणून बांधला. पुढे अकरा वर्षं तो आमच्या नांगराला होता. पैसे एक रुपयाचेही फिरले नाहीत.

कागद झाला तो पाच ओळींचा. गावात तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून लागलेला एक तरुण होता, त्याने लिहिला. दोन अंगठे, चार पंच, त्यातल्या दोघांच्या सह्या आणि दोघांचे अंगठे. ‘तुझे खालचे माझे, माझे वरचे तुझे, ही अदलाबदल कायमस्वरुपी, दोहोंच्या पोरांनी बोलू नये’ असा मजकूर. त्यावर एकाही बाईचा अंगठा नाही. जिच्या भांडणामुळे कागद झाला, तिचाही नाही.

पोरं बोलली नाहीत. पोरांची पोरंही बोलली नाहीत. बाबांनी १९९३ मध्ये वरच्या खाचराच्या तीन गुंठ्यांवर घर बांधलं तेव्हा पायाचा नारळ थोरल्या आज्याच्या मुलाने, म्हणजे काकांनी फोडला. बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हा वारसनोंद करायला मी सातबारा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. ज्या जमिनीवर माझा भाऊ राहतो ती काकांच्या घराच्या नावावर आणि काका जिथे भात लावतात ती आमच्या. हे ऐकून माहीत होतं. पण डिजिटल सहीसकट छापून हातात आलं की वेगळं वाटतं. पन्नास वर्षांची चूक आता अगदी स्वच्छ अक्षरात मिळते, तीही घरबसल्या.

‘तेव्हाच का नाही नोंदवलंत?’ हा प्रश्न मला प्रत्येक टेबलावर विचारला गेलाय, म्हणून उत्तर इथेच देते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायचं म्हणजे दिवसभराची मजुरी बुडवायची, आणि तिथला कागद वाचता येत नाही अशा दोन माणसांनी भावकीतल्या शब्दासाठी तिथे जायचं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. शब्दाला किंमत होती असं म्हणून मी त्या काळाची आरती करणार नाही. खर्च वाचवायचा होता हेही खरंच आहे. पण पुढची चाळीसेक वर्षं गावात जे जे तलाठी आले (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) त्यांना कोण कुठलं शेत कसतं हे तोंडपाठ होतं. त्यातल्या एकानेही ‘हे असं चालायचं नाही, कागद करून घ्या’ असं म्हटलं नाही. दोष वाटायचाच असेल तर त्यातला एक घास सरकारच्याही ताटात पडतो.

नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा, याचा रोजचा जाच काय असतो ते मंत्रालयातून दिसत नसेल. ई-पीक पाहणी सुरू झाली ती चांगलीच गोष्ट. पण ॲपवर खातेदार म्हणून नाव काकांच्या घराचं. त्यामुळे दर श्रावणात काकांचा मुलगा डोंबिवलीहून लोकल आणि रिक्षा करून येतो, आमच्या भाताच्या बांधावर उभा राहतो आणि आमच्या पिकाचा फोटो स्वतःच्या खात्यावर चढवतो. मग माझा भाऊ खालच्या खाचरात जाऊन त्यांच्या भाताचा फोटो आपल्या खात्यावर चढवतो. दोघं चहा पितात आणि निघतात. अवकाळीची भरपाई आली तर ती उलट्या खात्यांत पडते आणि मग हे दोघे एकमेकांना गूगल पे करतात. एकदा आमची भरपाई आली आणि त्यांची अडकली, तेव्हा माझ्या भावाने आपली निम्मी पाठवली. हे सगळं चाललंय ते या दोन मुलांच्या चांगुलपणावर. त्यांच्या मुलांची हमी मी देऊ शकत नाही, आणि कोणीच देऊ शकणार नाही, कारण त्या रस्त्याला आता बिल्डरांच्या गाड्या फिरायला लागल्यात. काकांच्या एका भाच्याला कोणीतरी विचारलंही: ‘तुमच्या नावावर रोडटच जमीन आहे, माहितीये का?’ त्याला माहीत नव्हतं.

आता कायदा. मी वकील नाही, ठाण्यात एका ऑफिसात हिशेब लिहिते. पण या पाच-सहा वर्षांत जेवढं समजून घेतलं ते इथे मांडते, म्हणजे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

अदलाबदल हा कायद्याने मान्य व्यवहार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ११८ मध्ये त्याची व्याख्याच आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की ती विक्रीच्याच रीतीने करायची, आणि विक्रीचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच जाते. (शंभर रुपये ही मर्यादा १८८२ ची आहे. तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही.) म्हणजे तोंडी अदलाबदलीने किंवा साध्या कागदाने ताबा बदलतो, मालकी बदलत नाही. आमच्या पाच ओळींनी गेल्या पन्नास वर्षांत कायद्याच्या भाषेत एक गुंठाही इकडचा तिकडे केलेला नाही.

मग मी विचारलं, भावाभावांच्या तोंडी वाटण्या कोर्ट मानतं ना? मानतं. एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडी होऊ शकते. कौटुंबिक तडजोड तोंडी असली तरी चालते आणि झालेल्या तडजोडीची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे खटल्यात स्पष्ट केलंय. पण तिथे सगळ्यांचा त्या मिळकतीत आधीपासून काहीतरी हक्क किंवा दावा असावा लागतो. आमच्याकडे वाटणी त्याच्या आधीच्या पिढीत होऊन गेलेली. दोघं आपापल्या तुकड्याचे वेगळे मालक. त्यांनी केली ती वाटणी नव्हे, अदलाबदलच. तीच दोन माणसं, तीच दोन शेतं, तोच कागद. वाटणीच्या दिवशी केला असता तर निभावला असता, नंतर केला म्हणून अडकला. हा फरक मला कळायला वकिलांकडे तीन सिटिंग लागली. आज्याला तो १९७४ मध्ये कळावा अशी अपेक्षा आहे.

वकिलांनी आणखी एक दार दाखवलं, त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ५३-अ. करार लेखी असेल आणि त्यानुसार ताबा दिला-घेतला असेल तर समोरचा आपल्याला सहजी हुसकावू शकत नाही. २००१ च्या दुरुस्तीनंतर यासाठीही करार नोंदणीकृत लागतो, पण आमचा त्याच्या आधीचा. म्हणजे कोणी घालवायला आलं तर कागद आडवा धरता येईल. नाव लावून घ्यायला, कर्ज काढायला, मुलांच्या नावे करायला त्याचा उपयोग शून्य.

आणि शेवटचं दार ऐकून मी त्या दिवशी वकिलांच्या ऑफिसातून उठूनच आले. प्रतिकूल ताबा. बारा वर्षांच्या वर उघडपणे, मूळ मालकाच्या हक्काला न जुमानता जमीन धरून बसलो असं सिद्ध केलं तर मालकी मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा दावा स्वतःहून दाखल करायलाही मुभा दिली. वकील म्हणाले, ‘टाका दावा.’ दाव्यात काय लिहायचं? की माझ्या आज्याने थोरल्या आज्याची जमीन त्यांच्या मर्जीविरुद्ध बळकावली. आणि काकांनी उत्तरात लिहायचं की त्यांच्या बापाने आमची बळकावली. ज्या माणसाने गोठ्यात पाडा आणून बांधला, ज्याच्या मुलाने आमच्या घराचा नारळ फोडला, त्यांच्याशी आमचं वैर होतं असं मी शपथेवर सांगायचं. तरच कायदा माझं ऐकणार. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू लिही बाय, मी सही करतो, पण तुझ्या काकीला वाचून दाखवू नको.’

आम्ही तो दावा टाकला नाही. टाकणारही नाही.

म्हणूनच सलोखा योजनेचं कळलं तेव्हा आमच्याकडे अक्षरशः पेढे आणले होते. जानेवारी २०२३ ची तुमच्याच खात्याची ही योजना. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा किमान बारा वर्षांचा उलटसुलट ताबा असेल तर पंचनामा करून अदलाबदलीचा दस्त फक्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी घेऊन नोंदवायचा. अशी योजना ज्याच्या कोणाच्या डोक्यातून निघाली त्याने गाव बघितलेलं आहे, हे मी मनापासून म्हणते. आमचा ताबा पन्नास वर्षांचा. शेजारचे गटधारक साक्षीला तयार. दोन्हीकडचे मिळून सतरा वारस, त्यात सात बाया, एक चुलतभाऊ कुवेतला. सगळ्यांना गाठून सह्या घ्यायला दीड वर्ष लागलं. आणि मग तो शेरा.

तर माझ्या तक्रारी या आहेत.

योजना अकृषिक, रहिवासी आणि वाणिज्य वापराच्या जमिनीला लागू नाही. वाणिज्यचं समजू शकते. पण अदलाबदल झाली तेव्हा दोन्हीकडे भात होता. घर एकोणीस वर्षांनी आलं आणि ते आलं याचाच अर्थ आमच्या दोन्ही घरांनी ती अदलाबदल मनापासून मानली होती. कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधतं का? जो सगळ्यात मोठा पुरावा आहे तोच अपात्रतेचं कारण झाला. शहराच्या कडेला असलेल्या कुठल्याही गावात जा. पन्नास वर्षं ताब्यात असलेल्या जमिनीवर घर नाही, गोठ्याचा कोबा नाही, असा गट तुम्हाला किती सापडतो ते सांगा. लांबच्या तालुक्यात ही योजना नीट चालत असेल. जिथे जमिनीचे भाव चढल्यामुळे भावकी फुटायची सर्वात जास्त भीती आहे, त्या ठाण्यात आणि नवी मुंबईत ती दारातूनच परत पाठवते.

एकाने सुचवलं, घराखालचे तीन गुंठे बाजूला काढा, उरलेले पंधरा योजनेत बसवा. तर तिथे तेव्हा तुकडेबंदी आडवी आली, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला कायद्याने मनाई. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे. आमचा गट मुळातच १८ चा.

मग नेहमीच्या मार्गाने दस्त करावा म्हटलं, तर अदलाबदलीच्या दस्ताला खरेदीखताच्याच दराने मुद्रांक लागतो, आणि दोन्हींपैकी ज्या मिळकतीचं बाजारमूल्य जास्त तिच्यावर. महापालिका हद्दीत मूळ दर ५ टक्के. आमच्या वरच्या खाचराचं मूल्य सरकारी दरतक्त्याप्रमाणे दीड कोटीच्या आसपास निघतं, म्हणजे साडेसात लाख रुपये. व्यवहार कशाचा? एका पाड्याचा, तोही १९८५ मध्ये मेला. हीच मिळकत बापाने मुलाला बक्षीस दिली असती तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला १००. म्हणजे नात्यात जमीन देताघेताना बाजारभावाने शुल्क घेऊ नये हे तत्त्व सरकारला मान्य आहे. फक्त नातं खाली उतरणारं हवं, नाहीतर मिळकत अजून एकत्र हवी. आडवं गेलं, वेगळ्या झालेल्या चुलतभावाकडे, की सरकारच्या लेखी तो परका होतो. हा हिशेब मला इतकी वर्षं हिशेब लिहूनही कळलेला नाही.

अभय योजनाही आली होती, कमी मुद्रांकाचे जुने दस्त दंडात सवलत घेऊन नियमित करायला. ती १ जानेवारी १९८० पासूनच्या दस्तांना. आमचा १९७४ चा. म्हातारा कागद म्हणून बाहेर.

एक तक्रार सासरच्या बाजूची आहे, ती थोडक्यात सांगते, कारण तिथे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. माझं सासर घणसोलीच्या बाजूचं. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा सासऱ्यांच्या घरातही असाच एक तोंडी अदलाबदलीचा तुकडा होता. संपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला गेला. पुढे १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनात माणसं गेली, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली, तेव्हा भूखंडही त्याच नावाला. एका भावाने दुसऱ्याला हिस्सा दिला. त्याच्या शेजारच्या घरात नाही दिला. दोन्ही घरांत व्यवहार सारखाच झाला होता. गावठाणात तर आजही भावाभावांनी खोल्या बदललेल्या आहेत आणि पुरावा म्हणून हातात आहे ती घरपट्टीची पावती. घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही हे त्यांना कळतं ते घर पुनर्बांधणीला निघाल्यावर.

याचा गैरफायदा घेतला जाईल, असं तुमचे अधिकारी म्हणतील. बरोबर आहे त्यांचं. उद्या दोन चुलतभाऊ बिल्डरच्या सांगण्यावरून जुन्या स्टँपपेपरवर नवी अदलाबदल लिहून आणतील आणि लाखोंचा मुद्रांक बुडवतील. मी हिशेबाच्या धंद्यात आहे, माणसं काय काय करतात ते मला ठाऊक आहे. आणि दुसरा धोका याहून मोठा, तो बायांचा. कागद नियमित करायच्या निमित्ताने बहिणींच्या सह्या घेऊन त्यांचा हक्कच पुसायचा, हे आपल्याकडे नवीन नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ मध्येच दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी भाऊबीजेची साडी आणि हक्कसोडपत्र एकाच ताटात येतं. आमच्या सात बायांच्या सह्या घेताना मी प्रत्येकीला बसवून सांगितलं की यात तुझा हिस्सा जात नाही, फक्त वरच्या खाचरातला खालच्या खाचरात जातोय किंवा उलट. एका आत्याने ते तीनदा विचारलं. बरं केलं तिने.

म्हणून मागण्या करताना हे दोन्ही धोके धरूनच करते.

सलोखा योजनेत पात्रता ठरवताना अदलाबदल झाली त्या दिवशी जमीन काय होती ते बघा. ताबाधारकाने स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं घर हे अपात्रतेचं कारण ठरू नये. इमारती आणि गाळे खुशाल वगळा. योजना आधी दोन वर्षांची होती, मग मुदत वाढवली. तसं तुकड्यातुकड्यांनी न करता ती कायम करा, कारण सतरा सह्या गोळा करायला किती दिवस लागतात ते वर लिहिलं आहे.

भाऊ, बहीण आणि चुलत नात्यांतल्या जुन्या अदलाबदलींसाठी मुद्रांक कायद्यात वेगळी, नाममात्र दराची तरतूद करा. तिच्यात अशी अट घाला की दस्तानंतर दहा वर्षांच्या आत ती मिळकत विकली किंवा विकसनाला दिली तर माफ केलेलं सगळं शुल्क व्याजासह वसूल होईल. ज्याला राहायचं आणि पिकवायचं आहे त्याला या अटीचा काही त्रास नाही. ज्याला त्रास होईल तो आमच्यातला नाही.

स्त्री वारसांची संमती दुय्यम निबंधकासमोर, त्यांना मजकूर वाचून दाखवून आणि स्वतंत्रपणे विचारून घ्या. घरी आणून ठेवलेल्या कागदावरची सही चालवू नका.

अभय योजना पुन्हा आणाल तेव्हा १९८० ची रेघ पुसा. निदान भावकीतल्या अदलाबदलींपुरती.

गावठाणांत मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) देताना, भोगवटा आणि नाव वेगळं असेल तर तसं लिहून घेणारा एक रकाना ठेवा. आज जो दिसेल तो लिहिला, पुढचं कोर्ट बघेल, असं करू नका.

आणि शेवटची मागणी, जिला एक पैसाही लागत नाही आणि कायदाही बदलावा लागणार नसेल असं मला वाटतं. अर्ज योजनेत बसो की न बसो, दोन्ही पक्षांनी मिळून मागितला तर ताब्याचा पंचनामा करा, शेजाऱ्यांचे आणि हयात पंचांचे जबाब घ्या आणि ते सरकारी दप्तरात ठेवा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘अदलाबदलीचा ताबा, पंचनामा अमुक तारखेचा’ एवढी ओळ टाका, म्हणजे काकांच्या भाच्याला गाठणाऱ्या माणसालाही ती वाचावी लागेल. मालकी तुम्ही नंतर ठरवा. साक्षीदार तोवर थांबणार नाहीत.

आमच्या कागदावरचे चारही पंच गेले. उरला आहे तो कागद लिहिणारा. गुरुजी आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. मागच्या रविवारी मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर पसरला. घड्यांवर तो इतका विरलाय की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं. गुरुजींनी चष्मा लावला, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं, अक्षर आपलंच आहे म्हणाले. पाड्याचा रंगही सांगितला, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. मग एका शब्दावर बोट थांबलं. ‘बाय, हा ऱ्हस्व पडलाय. कायमस्वरूपीतला रू दीर्घ पाहिजे.’ आणि खिशातलं पेन काढून ते दुरुस्त करायला लागले. मी त्यांचा हात धरला. एरवी मी कधी गुरुजींचा हात धरला नसता.

त्यांचा जबाब घ्यायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहा ते बारा पाठवा. दुपारी जेवण झाल्यावर ते झोपतात आणि संध्याकाळी त्यांना नीट दिसत नाही.

आपली,
चौदा गावांतली एक माहेरवाशीण